त्याने ती घंटा का वाजवली?

डोस्टोव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' या कादंबरीविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते कुऱ्हाडीपासून सुरू होते आणि पश्चात्तापाशी येऊन थांबते. मधल्या मजकुराचे काय, असे फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक खून पहिल्या भागातच उरकतो. पुढचे पाच भाग आणि उपसंहार हे सारे त्या खुनानंतरचे आहे. १८६६ साली 'रुस्की वेस्तनिक' या मासिकातून ही कादंबरी क्रमशः येत होती, तेव्हा खुनी कोण हे वाचकाला सुरुवातीलाच कळून चुकले होते. तरी ती गाजली. म्हणजे जे वाचायचे ते खुनाच्या पलीकडेच असले पाहिजे.

दुसऱ्या भागाच्या शेवटाशी एक प्रसंग येतो. खून करून गेलेला रास्कोल्निकोव्ह काही दिवसांनी रात्री त्याच घरात जातो आणि त्या घराची घंटा वाजवतो. एकदा नव्हे, तीनदा. आपल्या वाङ्मय मंडळात यंदा या कादंबरीवर चर्चा झाली तेव्हा या प्रसंगाचा निकाल दोन वाक्यांत लागला. एक म्हणाले, खुनी माणूस खुनाच्या जागी परत येतोच. दुसरे म्हणाले, त्याचे मन त्याला खात होते. तेवढ्यात चहा आला. मला हा निकाल मान्य नाही, आणि बैठकीत बोलायला मिळाले नाही ते इथे लिहिते आहे. (मी ही कादंबरी कॉन्स्टन्स गार्नेट यांच्या १९१४ च्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. लोकमान्य सेवा संघाच्या ग्रंथालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, दोन महिने लागले. ज्यांना आठ दिवस पुरतात त्यांचा मला हेवा वाटतो. पण हळू वाचणाराला काही गोष्टी जास्त दिसतात, असाही माझा समज आहे.)

आधी प्रसंग नीट पाहू, कारण बरेचसे त्यातच आहे.

रास्कोल्निकोव्ह काही दिवस तापाने, भ्रमात अंथरुणावर पडून होता. त्या संध्याकाळी तो कोणालाही न सांगता बाहेर पडतो. पुलावर उभा असताना एक बाई त्याच्या डोळ्यांदेखत कालव्यात उडी घेते आणि लोक तिला ओढून काढतात. आपणही हेच करावे असे त्याच्या मनात होते. पण ते पाहून त्याला किळस येते. मग तो ठरवतो की पोलीस कचेरीत जायचे आणि सगळे संपवायचे. कचेरीचा रस्ता त्याला ठाऊक आहे. तरी तो भलत्याच गल्लीत वळतो, खाली मान घालून चालत राहतो, आणि मान वर करतो तेव्हा त्या घराच्या फाटकाशी उभा असतो.

तो चौथ्या मजल्यावर चढतो. दार सताड उघडे. आत दोन तरुण कामगार भिंतींना नवा कागद चिकटवत आहेत. जुना पिवळा, विटलेला कागद जाऊन पांढऱ्यावर जांभळी फुले असलेला कागद येतो आहे. हे त्याला अजिबात आवडत नाही. सगळे बदलून टाकत आहेत याचे त्याला वाईट वाटते. (इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. ज्या खोलीत आपण दोन माणसे मारली ती खोली होती तशीच राहावी असे त्याला वाटते आहे!) तो खिडकीच्या कठड्यावर बसतो. उठून आतल्या खोलीत जाऊन येतो. कामगार विचारतात, काय पाहिजे? उत्तर न देता तो दाराबाहेर येतो, घंटेची दोरी धरतो आणि ओढतो. तोच पत्र्यासारखा आवाज. पुन्हा ओढतो. पुन्हा. ऐकतो आणि आठवतो. प्रत्येक ठोक्यासरशी तो शहारतो, आणि लेखक सांगतो की त्याला ते अधिकाधिक बरे वाटत जाते.

मग तो म्हणतो, मी जागा भाड्याने बघायला आलो. कामगार म्हणतात, जागा कुणी रात्री बघत नाही. तो विचारतो, जमीन धुतली का, रक्त राहिले नाही ना? इथे म्हातारी आणि तिची बहीण मारली गेली, थारोळे होते. कामगार घाबरतात. सगळे खाली फाटकाशी येतात. तिथे दोन द्वारपाल, एक बाई, लांब डगला घातलेला एक मनुष्य असे काही लोक उभे आहेत. तू आहेस तरी कोण, असे विचारल्यावर तो आपले पूर्ण नाव सांगतो, माजी विद्यार्थी म्हणून सांगतो, शिलच्या घरात, जवळच्याच गल्लीत, चौदा नंबरच्या खोलीत राहतो म्हणून सांगतो, आणि वर म्हणतो, तिथल्या द्वारपालाला विचारा, तो मला ओळखतो. चला पोलिसात, असेही म्हणतो. लोकांना वाटते, प्यालेला आहे किंवा लुच्चा आहे. धिप्पाड द्वारपाल त्याला खांद्याला धरून रस्त्यावर ढकलून देतो. तो अडखळतो, पडत नाही. सगळ्यांकडे एकदा बघतो आणि निघून जातो.

आता अर्थ. पहिला अर्थ आजाराचा. त्याचा मित्र रझुमिखिन आणि डॉक्टर झोसिमोव्ह यांना सुरुवातीपासून हेच दिसते: उपासमार, ताप, भ्रम. आपल्याकडे कुणी असे वागला असता तर घरच्यांनी 'बाहेरचे काही लागले' म्हटले असते आणि मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या असत्या. पीटर्सबर्गात डॉक्टर आणला, एवढाच फरक. हा अर्थ सोयीचा आहे, कारण तो लावला की पुढे विचार करावा लागत नाही. कोर्टानेही शेवटी काहीसा हाच लावला. तात्पुरत्या वेडाची कल्पना तेव्हा नवी होती, आणि तिचा रास्कोल्निकोव्हला फायदा होऊन शिक्षा आठ वर्षांच्या सक्तमजुरीवर आली.

पण या अर्थाच्या विरुद्ध सर्वांत मोठा साक्षीदार स्वतः रास्कोल्निकोव्ह आहे. चौथ्या भागात तपास अधिकारी पोर्फिरी त्याला घेरतो तेव्हा तो हीच घंटा पुढे काढतो: अंधार पडल्यावर तुम्ही जागा बघायला गेलात, घंटा वाजवलीत, रक्ताबद्दल विचारलेत, हे मला ठाऊक आहे. आणि लगेच त्याला सुटायला वाटही करून देतो: हा सगळा आजार बरे, भ्रमात माणूस असे करतो. कुठलाही शहाणा आरोपी ही वाट पकडील. रास्कोल्निकोव्ह काय करतो? तो चिडून सांगतो की ते भ्रमात नव्हते, आपण पुरते शुद्धीवर होतो. ज्याच्या गळ्याभोवती फास आवळत आला आहे तो माणूस, ती रात्र माझीच होती, म्हणून भांडतो. आजाराचा अर्थ लावणाऱ्यांनी या भांडणाचे उत्तर द्यायला हवे.

दुसरा अर्थ पतंगाचा. खुनी माणूस दिव्याभोवती पतंग फिरावा तसा आपल्या गुन्ह्याभोवती फिरत राहतो, हे पोर्फिरीचेच शास्त्र, आणि पुढे शंभर वर्षे रहस्यकथावाल्यांनी ते घासून गुळगुळीत केले. त्यात तथ्य असेलही. पण फिरत राहतो का, हे त्यातून कळत नाही. पतंग का फिरतो याला 'तो पतंग आहे' हे उत्तर नव्हे.

तिसरा अर्थ सदसद्विवेकाचा. आपल्या सगळ्यांना हाच आवडतो, कारण तो आपण लेडी मॅकबेथकडून शिकलो आहोत. शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नावाने 'मॅकबेथ' मराठीत आणले, तेव्हापासून ती दिवा घेऊन झोपेत चालणारी, हात पुन्हा पुन्हा धुणारी राणी आपलीही झाली आहे. तिच्या बाबतीत हा अर्थ बरोबरच आहे. पण जरा दोघांना शेजारी शेजारी उभे करून पाहा. ती झोपेत आहे, तो जागा आहे. ती डाग धुऊन काढते; तो विचारतो, डाग का धुतला? तिला विसरायचे आहे आणि विसरता येत नाही. त्याला आठवायचे आहे, आणि आठवण राहावी म्हणून तो घंटा ओढतो. हे दोन उलट रोग आहेत, त्यांना एकच औषध कसे चालेल?

शिवाय ज्याला पश्चात्ताप म्हणतात तो रास्कोल्निकोव्हला झालेलाच नसतो. सायबेरियात गेल्यावरसुद्धा कितीतरी दिवस त्याला एवढेच वाटत असते की आपल्याला ते पेलले नाही, हाच काय तो आपला अपराध. लिझावेताबद्दल तर तो फारसा विचारच करीत नाही, आणि हे त्याचे त्यालाच एकदा नवल वाटते. म्हातारी अल्योना सावकारीण होती, तिला मारण्याचे त्याने तत्त्वज्ञान तरी रचले होते. लिझावेता तिची गरीब, राबणारी बहीण. ती नको त्या वेळी घरी आली, एवढाच तिचा गुन्हा. या लेखात मी रास्कोल्निकोव्हच्या बाजूने जे बोलणार आहे ते बोलताना ही बाई मी विसरलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा अर्थ असा. त्या घंटेला दोन बाजू आहेत. खुनाच्या दिवशी त्याने ती आधी स्वतः बाहेरून वाजवली, आणि दार उघडले गेले. मग खून झाल्यावर तो आत असताना कोख आणि आणखी एक जण वर आले आणि त्यांनी ती बाहेरून वाजवली. हा आत कुऱ्हाड धरून, श्वास रोखून, दाराची कडी उडताना पाहत उभा होता. बाहेर जिती माणसे, मध्ये एक कडी, आत तो आणि दोन प्रेते. पुढे तो जिन्यावरून निसटतो, खोलीवर पोहोचतो. पण मला वाटते, तो त्या दाराच्या आतच राहिला. बाहेर आले ते नुसते शरीर.

याला पुरावा आहे. खुनाच्या दुसऱ्या दिवशी तो नदीच्या पुलावर गाडीखाली येता येता वाचतो, गाडीवान त्याला चाबूक मारतो, आणि एका व्यापाऱ्याची बायको भिकारी समजून त्याच्या हातावर वीस कोपेक ठेवते. तो ते नाणे नेव्हा नदीत फेकून देतो. त्या क्षणी त्याला वाटते की आपण सगळ्यांपासून कात्रीने कापल्यासारखे वेगळे झालो. आई आणि बहीण भेटायला येतात तेव्हा त्यांना मिठी मारायला त्याचे हात उचलत नाहीत. हा माणूस दुःखी आहे असे आपण म्हणतो. माझ्या मते तो दुःखी नाही, तो बधिर आहे. आणि बधिर माणसाला दुःखसुद्धा हवेसे होते. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पाय मेल्यासारखा होतो तेव्हा आपण त्याला चिमटे काढतो, आणि चिमटा लागला की बरे वाटते. दुखऱ्या दाताला आपण जिभेने सारखे डिवचतो. घंटेच्या प्रत्येक ठोक्याला तो शहारतो आणि त्याला बरे वाटते, हे जे लेखकाने लिहून ठेवले आहे, त्याचा दुसरा कोणताही अर्थ मला लागत नाही. पश्चात्ताप असता तर बरे कसे वाटले असते?

एवढ्यावर मी थांबले असते, तर हा अर्थही पुस्तकीच झाला असता. पण फाटकाशी तो जे बोलतो ते राहून गेले. तिथे तो नाव सांगतो, पत्ता सांगतो, आणि स्वतःला 'माजी विद्यार्थी' म्हणवतो.

हा शब्द आपल्यासारख्यांनी जरा सावकाश वाचावा. रास्कोल्निकोव्हने विद्यापीठ सोडले ते पैशांअभावी. बापाचे चांदीचे घड्याळ गहाण टाकून, व्याज कापून त्याच्या हाती पडले एक रुबल पंधरा कोपेक. आईला वर्षाला एकशेवीस रुबल पेन्शन, त्यावर कर्ज काढून ती याला पंधरा रुबल पाठवते. बहीण दुनिया एका घरी शिक्षिका म्हणून राहिली तेव्हा तिने शंभर रुबल आगाऊ उचलले, आणि त्यातले साठ याला पाठवण्यासाठीच उचलले होते. ते फेडून होईपर्यंत त्या घरच्या मालकाचा त्रास तिने सोसला. आता ती लूझिन नावाच्या एका गृहस्थाशी लग्न करायला निघाली आहे; तेही भावाचे शिक्षण आणि नोकरी मार्गी लागावी म्हणूनच, हे आईच्या लांबलचक पत्रातून त्याला बरोबर कळते. हे पत्र खुनाच्या आदल्या दिवशीचे आहे. वर्गात नेपोलियनविषयीच्या त्याच्या सिद्धांतावर बरेच बोलले जाते, या पत्रावर फारच थोडे. मला वाटते, ज्यांच्या घरी असे पत्र येत नाही त्यांना ते पत्र लांबण वाटते.

आमच्या घरी पत्र येत नाही, कारण सगळे एकाच खोलीत राहतो. पण हिशेब तोच. माझी ताई बारावीनंतर औषधाच्या दुकानात उभी राहू लागली. उभी राहू लागली हे शब्दशः. बसायला स्टूल नाही. आमच्या घरात 'त्याग' हा शब्द कुणी उच्चारत नाही. माझ्या परीक्षेच्या दिवशी ती फक्त विचारते, "पेपर कसा गेला?" आणि मी "बरा गेला" म्हणते. घरातली पहिली मुलगी कॉलेजात गेली म्हणजे ती एकटी जात नाही, तिच्या दप्तरात इतरांचेही काहीतरी असते. ते ओझे आहे असे म्हणणे कृतघ्नपणाचे आणि नाही म्हणणे खोटेपणाचे. मला कुणाला मारावेसे वाटत नाही, हे सांगायला नको. पण 'माजी विद्यार्थी' या दोन शब्दांत किती जणांचे पैसे बुडालेले असतात, ते मी समजू शकते. 'कोसला'मधला पांडुरंग सांगवीकरही शिक्षण अर्धवट टाकून परत जातो. त्याच्या मागे निदान शेतीवाडी आणि दरडावणारा बाप होता. याच्या मागे चादरीखाली पाय न मावणारे एक अंथरूण होते. रात्री फाटकाशी उभा राहून तो स्वतःची जी ओळख सांगतो, ती मोडलेली असली तरी त्याच्याजवळ उरलेली तेवढीच आहे.

आणि तो ती न विचारता नंबरासकट सांगतो, हे महत्त्वाचे. या ठिकाणी मला माझ्या बाबांचे मत नोंदवायचे आहे. ते पार्ल्यातल्याच एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. संगमेश्वराकडून आले, आधी इतर कामे केली, आता आठ वर्षे फाटकावर. रात्री त्यांचा डबा घेऊन मी जाते तेव्हा दहा-पंधरा मिनिटे तिथे बसते. डोक्यावरून विमाने उतरत असतात, ती गेली की पुढचे वाक्य बोलायचे, अशी आमची बोलण्याची रीत आहे. समीक्षकांनी रास्कोल्निकोव्हविषयी पुष्कळ लिहिले असेल. त्याला ढकलून देणाऱ्या द्वारपालाची बाजू कुणी घेतली असेल असे वाटत नाही. म्हणून मी बाबांना तो प्रसंग सांगितला. कादंबरी आहे हे सांगितले, खून कुणी केला ते सांगितले नाही.

त्यांनी पहिल्यांदा द्वारपालाचीच बाजू घेतली. म्हणाले, "माणूस फाटकाच्या बाहेर ठेवायचा, ह्याचा पगार घेतो आपण. कशाला आलास, हे विचारायचा नाय." मग एक विमान गेले. मग म्हणाले, "पण मी त्याला ढकलला नसता. चोर कधी नाव सांगत नाय. आमच्या वहीत सगळ्यात वाकडंतिकडं नाव लिहितो तो खरा लबाड. न विचारता नाव-पत्ता सांगणारा एक तर प्यालेला असतो, नायतर त्याला कुणीतरी धरून ठेवावा असं वाटत असतं." मी विचारले, असे कधी कुणी आले होते का? ते म्हणाले, "येतात की. पावसाळ्यात जास्त." याहून जास्त सांगायला ते तयार नव्हते. रात्री फाटकाशी कोण आले हे दिवसा बोलायचे नाही, हाही त्या नोकरीचा एक अलिखित नियम आहे.

धरून ठेवावा! बैठकीत कुणी हा शब्द वापरला असता तर मी हा लेख लिहिला नसता. त्या रात्री रास्कोल्निकोव्ह पोलीस कचेरीत जायलाच निघाला होता, हे विसरू नका. तिथे गेला असता तर स्वतःहून कबूल करावे लागले असते, म्हणजे आपल्या पायांनी त्या दारातून बाहेर यावे लागले असते. ते बळ त्याच्यात नाही. म्हणून त्याचे पाय त्याला घंटेकडे नेतात. घंटा वाजवल्यावर काय होते? कुणीतरी दार उघडते, कोण आहे विचारते. खुनाच्या दिवशी बाहेरच्यांनी ती वाजवली तेव्हा त्याने आतून उत्तर दिले नाही. आता तो स्वतःच बाहेर उभा राहून, आत अडकलेल्या स्वतःसाठी ती वाजवतो, आणि जेव्हा लोक विचारतात कोण तू, तेव्हा अक्षरशः सगळे सांगून टाकतो. फक्त एक वाक्य सांगत नाही. ते त्यांनी विचारावे अशी त्याची इच्छा आहे. आणि लोक त्याला रस्त्यावर ढकलतात.

यावर कुणी म्हणेल, हे फार सहानुभूतीचे झाले. दोन बायकांचा खून करणाऱ्याला फाटकावरच्या गरिबांनी समजून घ्यायला हवे होते काय? नाही. त्या कामगारांना रात्री काम संपवून घरी जायचे होते, द्वारपालाला आपली नोकरी होती. त्यांच्यावर माझा काही राग नाही. आणि मुलगी म्हणून एक गोष्ट माझ्या मनात येतेच: रात्रीच्या वेळी असे शहरभर भटकून, परक्याच्या घरात शिरून, वेड्यासारखे बोलून, नुसता एक धक्का खाऊन सुखरूप निघून जाणे हे रास्कोल्निकोव्हला जमते. त्याच कादंबरीत सोनियाला रात्री बाहेर पडावे लागते ते घर चालवण्यासाठी, आणि तिच्या त्या रात्रींचे अर्थ कुणी लावत बसत नाही. सगळ्यांना ते आधीच ठाऊक असतात. या कादंबरीत चमत्कारिक वागण्याची सवलत 'माजी विद्यार्थ्याला' आहे, इतरांना नाही.

तरी प्रसंगाचा अर्थ तो प्रसंगच सांगतो. रास्कोल्निकोव्ह चौकात उभा राहून जावे की न जावे याचा विचार करतो, आजूबाजूला कुणी बोलेल म्हणून वाट पाहतो. कुणी बोलत नाही. तेवढ्यात दूर गर्दी दिसते. गाडीखाली सापडलेला दारुडा मार्मेलादोव्ह असतो, हा त्याला घरी नेतो, खिशातले वीस रुबल त्याच्या बायकोच्या हाती देतो, लहान पोलेन्का त्याच्या गळ्यात पडते, आणि बरेच दिवसांनी प्रथमच त्याला आपण जगू शकू असे वाटते. कबुली पुढे कितीतरी पानांनी येते. तीही एकदा जिन्यावरून परत फिरून, खाली उभ्या सोनियाला पाहून, पुन्हा वर चढून.

पण घंटा वाया गेली नव्हती. फाटकाशी लांब डगला घातलेला जो माणूस उभा होता, तो कातड्याचे काम करणारा एक साधा कारागीर होता. त्याची गोष्ट बहुतेक वाचक विसरतात. दुसऱ्या दिवशी तोच रास्कोल्निकोव्हच्या पुढ्यात येऊन त्याला तोंडावर खुनी म्हणतो. मध्यंतरी दुसऱ्याच एकाने खुनाची कबुली दिल्यामुळे त्याला वाटते की आपण एका निरपराध्यावर आळ घेतला, म्हणून तो पुन्हा येतो, जमिनीपर्यंत वाकून क्षमा मागतो आणि त्या रात्रीचे सांगतो. लोकांनी त्याला दारुडा समजून सोडून दिले, चला पोलिसात म्हणतो तरी कुणी नेले नाही, हे त्याच्या मनाला फार लागले होते. इतके लागले की त्याला झोप आली नाही. पत्ता लक्षात राहिला होता. म्हणून तो शिलच्या घराशी गेला, आणि या नावाचा विद्यार्थी इथे राहतो का, म्हणून विचारू लागला.